न वाकलेली चॅसी



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. अमेरिकेहून परत येऊन चार महिने झाले. "सर, अमेरिकेवर काही लिहिलं नाहीत?" असं दोघा-तिघा ब्लॉगमित्रांनी विचारलं. आमच्या ताईचा तर दर रविवारी फोन असतो, "अरे, नायगारा बघितलास ना, मग लिही की त्याच्यावर." नायगारा बघितला. मोठा आहे. त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते एका जुन्या रेसच्या गाडीच्या सांगाड्यावर. आता हसू नका. ज्या माणसाने आयुष्यात स्कूटरच्या पुढे काही चालवलं नाही तो रेसच्या गाड्यांवर काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तर चार महिने लागले.

माझी लेक न्यू जर्सीत राहते. न्यू जर्सी म्हटलं की आपल्या लोकांना एडिसनची दुकानं आठवतात, पण ती राहते ते फ्लेमिंग्टनच्या बाजूला. शेतं, मक्याचे पट्टे, जुनी लाकडी कोठारं. तिकडे त्यांना बार्न म्हणतात. सकाळी फिरायला निघालो तर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, दिसली तर हरणं. चौथ्या-पाचव्या दिवशी एका बार्नमधून ग्राइंडरचा आवाज आला आणि मागोमाग वास आला. वेल्डिंगचा. मी जागच्या जागी थांबलो.

ज्यांचं लहानपण कोल्हापुरात गेलं त्यांना हे सांगायला नको. आमचा थोरला भाऊ, दादा, शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे. सुट्टीच्या दिवशी त्याचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे. तापलेलं लोखंड, कूलंटचं पांढरं पाणी, वेल्डिंगचा धूर, हे सगळं मिळून एक वास असतो. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. तो वास सात समुद्रांपलीकडे एका सकाळी असा समोर येईल असं वाटलं नव्हतं.

दारात जाऊन उभा राहिलो. आत एक उंच, ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. डोळ्यांवरचा काळा चष्मा त्यांनी वर केला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माय ब्रदर, लेथ मशीन, इंडिया." एवढंच सुचलं. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाचं इंग्रजी ते किती असणार! पण त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. पुढचे पाच महिने ते स्टूल माझं होतं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आमच्याकडे हाताने काम जाणणाऱ्याला मान देऊन 'मिस्त्री' म्हणतात, मीही तेच म्हणतो. ते मला 'टीचर' म्हणायचे. आणि गंमत बघा, साहित्याचं इंग्रजी मला जमत नसलं तरी उद्यमनगरातलं इंग्रजी मला लहानपणापासून येत होतं. चॅसी, एक्सल, डिफरन्शियल, गिअर, रॉड, पिस्टन, बेअरिंग. आमचं बरंचसं बोलणं एवढ्या शब्दांवर निभावलं. उरलेल्यासाठी बारा वर्षांचा नातू होता.

बार्नमध्ये एक गाडी उभी होती. काळी, मडगार्डं काढून टाकलेली, चाकं उघडी, दारं वेल्डिंगने बंद केलेली, वर छोटंसं टप. दारावर हाताने रंगवलेला मोठा आकडा. नातू म्हणाला, "आजोबा, ही कार्टूनमधली गाडी आहे." मिस्त्री हसले. म्हणाले, ही मॉडिफाइड. माझ्या वडिलांनी बांधली.

मॉडिफाइड म्हणजे काय ते आधी सांगतो. दुसऱ्या महायुद्धावरून १९४५-४६ साली लाखो तरुण अमेरिकेत परत आले. त्यातल्या कित्येकांनी सैन्यात ट्रक आणि विमानांची इंजिनं उघडून परत बसवलेली. भंगारात १९३० च्या दशकातल्या दोन दारी गाड्या, ज्यांना ते कूप म्हणतात, स्वस्तात मिळत. फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवलं होतं, ६५ हॉर्सपॉवरचं. ते उघडून, घासून, भोकं मोठी करून त्यातून आणखी ताकद काढायची, मडगार्डं कापून टाकायची, डोक्यावर लोखंडी पाइपची कमान लावायची आणि शनिवारी रात्री मातीच्या लंबगोल ट्रॅकवर पळवायची. मूळ गाडी कारखान्याची, पण बदललेली, म्हणून मॉडिफाइड.

आज नॅसकार म्हटलं की कोट्यवधी डॉलर आठवतात. पण ती संस्था १९४८ साली सुरू झाली तेव्हा तिची पहिली शर्यत याच मॉडिफाइड गाड्यांची होती, फेब्रुवारीत, डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर. जिंकला रेड बायरन. महायुद्धात विमानात जखमी झालेला, एक पाय अधू. त्याची गाडी तयार करणारा अटलांटाचा मेकॅनिक रेड व्होग्ट. नॅसकार हे नाव सुचवणाराही हाच. त्या अधू पायाने क्लच दाबता यावा म्हणून पेडलची खास जुळणी करावी लागली होती. मिस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे जिंकला तो अर्धा बायरन आणि अर्धा व्होग्ट. ते म्हणाले, "टीचर, हे तुला एका महिन्यात कळलं. पेपरवाल्यांना सत्तर वर्षांत कळलं नाही."

ट्रॅक कुठले? तर जत्रेची मैदानं. दर तालुक्याला शेतीचं प्रदर्शन भरे आणि त्याच्या मैदानात घोड्यांच्या शर्यतीसाठी मातीचा गोल असे. आपल्याकडे जत्रेत बैलगाड्या पळतात तसंच. पुढे त्याच गोलावर मोटारी आल्या. न्यूयॉर्क राज्यात मिडलटाउनला असा ट्रॅक १९१९ पासून चालू आहे. पेनसिल्व्हेनियात लँगहॉर्नला एक मैलाचा ट्रॅक होता, १९२६ चा, जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार. म्हणजे सरळ रस्ता असा नाहीच, सतत वळण. ड्रायव्हरला श्वास घ्यायला जागा नाही. १९७१ ला तो बंद झाला, तिथे आता दुकानं आहेत. रेडिंगचा जत्रेचा ट्रॅक १९७९ ला गेला, तिथे मॉल झाला. फ्लेमिंग्टनचा ट्रॅक या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. लेक जिथे भाजी आणायला जाते त्या दुकानांच्या बाजूने एकदा मिस्त्रींनी गाडी हळू केली आणि पार्किंगकडे बोट दाखवून म्हणाले, "तिसरं वळण." मी बघितलं. पार्किंगच होतं. त्यांना मात्र वळण दिसत होतं.

शास्त्र तर काय सांगू! मी भाषेचा शिक्षक, पण दोन गोष्टी मलाही कळल्या. या गाड्या फक्त डावीकडे वळतात. म्हणून मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं लावतात. नातवाला पटेना. मिस्त्रींनी कॉफीचा कागदी कप टेबलावर आडवा टाकला आणि ढकलला. तळ लहान, तोंड मोठं, कप आपोआप गोल फिरला. "बघ, तो स्वतःच वळतोय." इंजिनही मधोमध नसतं, थोडं डावीकडे आणि मागे सरकवलेलं असतं, वजन आतल्या बाजूला राहावं म्हणून. आणि मातीवर भरधाव वळताना गाडीचं शेपूट बाहेर घसरतं, त्यामुळे वळण डावीकडे आणि पुढची चाकं उजवीकडे असा प्रकार दिसतो. इंजिनिअर झालेला माझा जावई हे ऐकायला दोन वेळा येऊन बसला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका चांगला पाठ मी कधी घेतला असेन असं वाटत नाही.

सुरुवातीला जुन्याच फोर्डच्या चॅसीवर काम चाले. पुढे वेग वाढला तशा त्या चॅसी पुरेनात, मग लोक चौकोनी पाइप आणून घरी चॅसी बांधू लागले. कोणी पेट्रोलपंपाच्या मागे, कोणी बार्नमध्ये. त्यातूनच नावाजलेले बांधणारे निघाले. पेनसिल्व्हेनियाचे डिक टोबायस, जे स्वतः ड्रायव्हर होते आणि १९७८ मध्ये फ्लेमिंग्टनलाच शर्यतीत गेले. रॉचेस्टरचे मेनार्ड ट्रॉयर, ज्यांची गाडी १९७१ च्या डेटोना ५०० मध्ये कितीतरी कोलांट्या खाऊन पडली, तरी ते वाचले आणि पुढे इतरांसाठी चॅसी बांधत राहिले. केनी वेल्डने तर १९८० साली सिराक्यूजच्या मोठ्या शर्यतीसाठी अशी गाडी बांधली की तिच्या खालून वाहणारी हवाच तिला जमिनीला चिकटवून ठेवी. गॅरी बालोने ती पळवली आणि जिंकली. नंतर नियम बदलून तसल्या गाड्यांवर बंदी आली. त्याच सिराक्यूजला १९७२ आणि १९७३ मध्ये बझी रॉयटिमन जुनाट कूप घेऊन जिंकला होता, हे सांगताना मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा असे. जणू स्वतःच जिंकलेत!

मिस्त्री या मोठ्या नावांतले नव्हेत. दिवसा गॅरेज, रात्री बार्न, शनिवारी ट्रॅक. सगळ्या आयुष्यात अकरा चॅसी बांधल्या. त्यांच्या बायकोने, जी चार वर्षांपूर्वी गेली, पिटमध्ये पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं बरीच वर्षं. त्या काळी बऱ्याच ट्रॅकवर बायकांना पिटमध्ये जाऊच देत नसत. ती प्रेक्षकांत बसून वहीत प्रत्येक फेरीची वेळ लिहायची. त्या वह्या त्यांनी मला दाखवल्या. अक्षर सुंदर. शिक्षकाला अक्षर आधी दिसतं.

आता मुख्य गोष्ट.

बार्नच्या मागच्या भिंतीवर दोन साखळ्यांनी एक चॅसी टांगलेली होती. नुसता सांगाडा. रंग नाही, तेल पुसलेलं, गंजाचा तपकिरी रंग तसाच ठेवलेला. समोरची गाडी आरशासारखी चकचकीत आणि ही अशी का? पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं. ते म्हणाले, "नंतर." मी परत विचारलं नाही. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला परत विचारू नये एवढं तरी नोकरीत शिकलो.

ते 'नंतर' ऑक्टोबरात आलं. त्याआधी एका शनिवारी ते मला आणि नातवाला पेनसिल्व्हेनियात यॉर्क स्प्रिंग्जला घेऊन गेले. तिथे जुन्या रेसच्या गाड्यांचं संग्रहालय आहे आणि जवळच लॅटिमोर व्हॅलीला जत्रेचा जुना मातीचा ट्रॅक हौशी लोकांनी परत उभा केलाय. तिथे जुन्या गाड्या आणतात, शर्यत म्हणून नव्हे, नुसत्या फेऱ्या मारायला. आधी टँकरने पाणी मारतात, मग माती दबावी म्हणून गाड्या सावकाश फिरवतात. म्हातारे लोक खुर्च्या टाकून बसलेले. इंजिनं सुरू झाली तेव्हा छातीत धडधडलं, आणि नातवाने कानावर हात ठेवले ते तासभर काढले नाहीत. मिस्त्रींनी काळी कूप चार फेऱ्या चालवली. उतरले तेव्हा हात थरथरत होते, आणि ते वयामुळे नव्हतं.

मी गाड्यांवरची नावं वाचत हिंडलो. दारावर ड्रायव्हरचं नाव मोठं. त्याच्या खाली किंवा मागे कुठेतरी, गॅरेजच्या पाटीएवढं, बांधणाऱ्याचं नाव. काहींवर तेही नाही. मिस्त्रींच्या कूपवर मात्र दोन ड्रायव्हरांची नावं होती. एक त्यांच्या वडिलांच्या वेळचा. दुसऱ्याने ही गाडी कधी चालवलीच नव्हती. मी विचारलं, मग नाव का? परतीच्या वाटेवर नातू मागे झोपल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली. सावकाश, सोप्या शब्दांत, मला कळावं म्हणून.

तो त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. शाळेत एका बाकावर. एकाने बांधायची, दुसऱ्याने चालवायची असं पंधरा-सोळाव्या वर्षीच ठरलेलं. १९७२ च्या मोसमात एका किरकोळ धडकेत त्यांच्या गाडीचं पुढचं टोक वाकलं. मित्राला काही झालं नाही, पण चॅसी सरळ करण्यात तीन शनिवार गेले आणि गुणांमध्ये ते मागे पडले. मित्र चिडला. म्हणाला, "या वेळी अशी बांध, की वाकणारच नाही." मिस्त्रींनी हिवाळाभर बसून तशी बांधली. जाड पाइप, पुढे दुहेरी आडवे दांडे, प्रत्येक कोपऱ्यात पट्टी. सगळ्यांनी वाखाणली. १९७३ च्या सप्टेंबरात ती गाडी एका वळणावर वळलीच नाही, सरळ भिंतीवर गेली. ट्रॅक कुठला ते इथे लिहीत नाही. मित्र त्याच रात्री गेला. एकतीस वर्षांचा.

गाडी सरळ का गेली ते कोणालाच कळलं नाही. पण लोक बोलले. पुढच्या एक्सलचा जोड सुटला असणार, वेल्डिंग कच्चं असणार. मिस्त्रींच्या तोंडावर कोणी बोललं नाही, पेट्रोलपंपावर बोलले. ट्रॅकवाल्यांनी गाडी हलवली, कोणीतरी भंगारात घेतली, आणि ती कुठे गेली ते कळलं नाही. म्हणजे स्वतःचं काम तपासायचीसुद्धा सोय राहिली नाही. दोन वर्षं त्यांनी वेल्डिंगला हात लावला नाही. मग गॅरेजपुरतं सुरू केलं. मित्राच्या आईला ते दर नाताळात भेटायला जात. ती काही विचारत नसे. "विचारलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

मग १९८५ आलं. न्यूयॉर्क राज्यात रोम नावाचं गाव आहे. तिथल्या दोघांनी, जेरी कुक आणि रिची इव्हान्स, १९७१ ते १९८५ अशी सलग पंधरा वर्षं मॉडिफाइडचं राष्ट्रीय अजिंक्यपद त्या एका गावात ठेवलं होतं. कुकची सहा, इव्हान्सची नऊ. त्या वर्षी इव्हान्सचं पद नक्की झालेलं असतानाच २४ ऑक्टोबरला मार्टिन्सव्हिलला सराव करताना तो भिंतीवर आदळून गेला. पुढच्या चार वर्षांत आणखी काही जण गेले. तेव्हा बांधणाऱ्यांमध्ये बोलणं सुरू झालं, की चॅसी फार ताठ झाल्यात. गाडी आदळली की तो धक्का कुठेतरी जिरायला हवा. पुढचं टोक दबलं, वाकलं, चेपलं तर धक्का त्यात जिरतो. काहीच वाकलं नाही तर सगळा धक्का आत बसलेल्या माणसाच्या मानेत जातो. पुढे चॅसी बांधायची पद्धत बदलली, टोकं दबतील अशी रचना आली.

मिस्त्रींनी तेव्हा हे सगळं ऐकलं होतं. पण त्यांना वाटलं, आपलं तसं नव्हतं, आपला तर जोड सुटला होता.

वीसेक वर्षांपूर्वी एका ओळखीच्याने फोन केला, की पेनसिल्व्हेनियात एका शेतावर बार्नच्या मागे गवतात एक जुनी चॅसी पडलीय, बघायला ये. ते गेले. गवत बाजूला केलं आणि पहिल्याच कोपऱ्याशी ओळखलं. "तू मुलाचं अक्षर ओळखतोस ना, टीचर? तसं." वेल्डिंगचा शेवट करताना हात जरा मागे घ्यायची त्यांची सवय, ती खूण जोडाजोडावर होती. घरी आणून त्यांनी एकेक जोड तारेच्या ब्रशने घासून, भिंग लावून बघितला. एक्सलचे, स्टिअरिंगचे, सगळे. एकही सुटलेला नव्हता. एकालाही चीर नव्हती. ते म्हणाले, मी बार्नमध्ये जमिनीवर बसलो आणि तीस वर्षांत रडलो नव्हतो तेवढा रडलो. बायकोला हाक मारली. आपल्या हातून चूक झाली नाही म्हणून दोघांनी त्या रात्री देवाचे आभार मानले.

मग पंधरा दिवसांनी, सकाळी कॉफी घेऊन ते चॅसीसमोर उभे होते. कोन धरून बघितलं, दोरी लावून मापलं. एवढ्या वेगाने भिंतीवर गेलेली चॅसी. पुढचं टोक जेमतेम बोटभर सरकलं होतं. बाकी सरळ. मित्राने सांगितली होती तश्शी. वाकलीच नव्हती.

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी ते म्हणाले, "मी चांगलं काम केलं होतं, टीचर. तेच तर झालं."

मी त्यांना काय सांगणार? १९७३ मध्ये हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, हे मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. हे त्यांना वीस वर्षं माहीत आहे. एवढं सांगतो, की नंतर वेगवेगळ्या ट्रॅकवरची तरुण पोरं चॅसी दाखवायला त्यांच्याकडे यायला लागली, आणि ते प्रत्येकाला आधी त्या भिंतीपाशी नेतात. हात लावून बघायला लावतात. मी असतानाच एक जण आला होता, विशीतला. त्याला त्यांनी विचारलं, "तुझ्या गाडीत आधी काय वाकतं?" पोराला उत्तर आलं नाही. "ते शोधून ये, मग बोलू." पोरगा पुढच्या रविवारी परत आला.

आता माझं थोडंसं. हे लिहू की नको यातच चार महिने गेले.

ज्या वर्षी ती गाडी भिंतीवर गेली, त्याच वर्षी जूनमध्ये मी शाळेत रुजू झालो. कडक शिक्षक म्हणून माझं नाव होतं, तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. अर्ध्या गुणालाही मी वाकत नसे आणि मला त्याचा अभिमान होता. १९८७ च्या सुमारास दहावीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील नव्हते. गुऱ्हाळाच्या हंगामात तो रात्री चुलवाणासमोर असे आणि दिवसा वर्गात झोपे, नाहीतर येतच नसे. हजेरी कमी भरली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "गुरुजी, वर्गशिक्षक म्हणून तुम्ही शिफारस लिहिलीत तर मी पुढे पाठवतो." मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. मुलाची आई शाळेच्या पायरीवर येऊन बसली होती. मी मागच्या दाराने घरी गेलो. तो मुलगा परत शाळेत आला नाही.

त्याच्या नावावर मी काही चुकीचं लिहिलं नव्हतं. हजेरीपत्रक माझं आजही कोणी तपासावं, एकही खाडाखोड सापडणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. त्या रात्री न्यू जर्सीच्या रस्त्यावर अंधारात बसून माझ्या डोळ्यांसमोर ते हजेरीपत्रक आलं. सरळ, स्वच्छ, कुठेही न वाकलेलं.

मिस्त्रींना मी हे सांगितलं नाही. माझं इंग्रजी तिथपर्यंत जात नाही, आणि चॅसी-एक्सलच्या शब्दांत गुऱ्हाळ बसत नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला लोखंडावर खूण करायची एक जुनी दांडी हातात दिली. दादाकडे तसलीच होती. मी त्यांना माझं पेन दिलं, लाल शाईचं. त्यांना गंमत वाटली.

परवा एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्या मुलाची चौकशी केली. मुलगा म्हणायचं, आता तो चोपन्न-पंचावन्नचा असेल. सहकाऱ्याला गाव माहीत होतं. तिथेच असतो म्हणाला. गुऱ्हाळाचा हंगाम अजून संपलेला नाही. सकाळी पावणेआठची एस.टी. आहे, गुरुवारी जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. त्याने ओळखलं नाही तर नाव सांगेन. ओळखून आत बोलावलं नाही, तर तेही बरोबरच.

असो. ताई, नायगाऱ्यावर पुढच्या वेळी लिहितो.